मांगावरचा (जपानी चित्रकथेवरचा) लेख कुठं लिहायचा: फॅन्डम, इंग्रजी विकिपीडिया की मराठी विकिपीडिया?

परभणीच्या तिघींनी मागच्या महिन्यात मला विचारलं, "ताई, आम्ही तेझुकांच्या ‘बुद्ध’वर लेख लिहायलोत. निम्मा झालाय. पण टाकावा कुठं, तेच कळना." जपानी चित्रकथेला मांगा म्हणतात, आणि ‘बुद्ध’ ही चित्रकथाकार ओसामु तेझुका यांची सिद्धार्थ गौतमाच्या आयुष्यावरची मांगा-मालिका. तिघींपुढं तीन जागा होत्या: इंग्रजी विकिपीडिया, मराठी विकिपीडिया आणि फॅन्डम, म्हणजे एकेका मालिकेच्या चाहत्यांनी मिळून लिहायच्या साइटींची (विकींची) जागा. तिन्हीकडं कुणालाही खातं उघडून लिहिता येतं, दुसऱ्यानं लिहिलेलं सुधारता येतं, आणि पानांची घडणही बरीचशी सारखी, कारण तिन्हींच्या खाली मीडियाविकी हीच प्रणाली आहे. त्यामुळं फरक वाचताना लक्षात येत नाही, लिहायला बसलं की येतो.

मी संभाजीनगरच्या तीन मित्रमैत्रिणींसोबत याच मांगावर बरेच दिवस काम केलंय, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. माझा कल आधीच सांगते. तिघी-चौघींच्या गटानं मराठी विकिपीडियावर लिहावं. पण तिघींनो, आत्ता तुमच्या वहीत जे आहे ते जसंच्या तसं तिथं चालणार नाही, कारण ती अकरा पानं म्हणजे सिद्धार्थाच्या जन्मापासूनचं कथानक आहे. तो फॅन्डमचा मजकूर आहे.

फॅन्डम

फॅन्डम २००४ साली विकिसिटीज या नावानं सुरू झालं, पुढं त्याचं विकिया झालं आणि २०१६ साली फॅन्डम. जिमी वेल्स यांचं नाव विकिपीडियाच्या आणि याच्या, दोन्हींच्या जन्माशी जोडलेलं असल्यानं लोक फॅन्डमला विकिपीडियाचाच भाग समजतात. तसं नाही. विकिपीडियाच्या मागं विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे आणि तिचा खर्च देणग्यांवर चालतो. फॅन्डम ही कंपनी आहे, तिथं पानावर जाहिराती असतात. फोनवर, मोजक्या डेटात वाचणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

तिथली मोठी मोकळीक अशी की ‘हा विषय लेखाच्या लायकीचा आहे का’ असं कुणी विचारत नाही. मालिका हीच त्या विकीची दुनिया. प्रत्येक पात्राला पान, प्रत्येक प्रकरणाला पान, तलवारीलाही पान. ‘वन पीस’ घ्या. एइचिरो ओदांची ही मालिका १९९७ पासून ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात चालू आहे, पुस्तकरूपात शंभरावर खंड झालेत. एवढ्या पसाऱ्यात कोण कुठल्या प्रकरणात पहिल्यांदा आलं हे शोधायचं तर फॅन्डमसारखी जागाच लागते, विश्वकोशातल्या एका लेखाचं ते काम नाही. नियमही प्रत्येक विकीचे आपापले असतात, तिथले प्रचालक (अॅडमिन) ठरवतील तसे.

‘बुद्ध’ला मात्र या पसाऱ्याची तेवढी गरज नाही. मालिका १९७२ ते १९८३ अशी चालली आणि संपली. जपानीत १४ खंड, इंग्रजीत ८. त्यात भर घालणारं नवं प्रकरण आता येणार नाही. आणि मराठीत फॅन्डमचा विकी उघडायचा तर तो तुम्हीच उघडायचा, तुम्हीच सांभाळायचा. परीक्षा आल्या, नोकरीसाठी एखादी पुण्याला गेली, की त्या विकीकडं बघायला कुणी उरणार नाही. आणखी एक: तिथला गट उठून दुसरीकडं गेला तरी जुनी पानं तिथंच राहतात, आपल्याबरोबर निघत नाहीत. मजकूर मुक्त परवान्याखाली असल्यानं नावनिशी देऊन नक्कल करता येते, पण शोध घेणाऱ्याला बहुतेक वेळा जुनंच पान आधी सापडतं.

अडलेला प्रश्न

या तिघींना सगळ्यात जास्त जे लिहायचंय ते वेगळंच आहे, आणि जागेची निवड खरं तर तिथं ठरते. तेझुकांनी सिद्धार्थाच्या आयुष्यात स्वतःची माणसं घातलीत. तत्ता नावाचा अस्पृश्य पोरगा प्राण्यांच्या अंगात शिरू शकतो. चाप्रा हा गुलामाचा मुलगा, तो आपली जात लपवून सेनापतीच्या घरात मुलगा म्हणून वाढतो. ही दोघं बौद्ध ग्रंथांत नाहीत, तेझुकांनी निर्माण केलेली आहेत. आपल्याकडं नागसेनवनाच्या परिसरात, बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या, त्या घरातली मुलं हे मांगा हातात घेतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की यातलं त्रिपिटकातलं किती आणि तेझुकांचं किती. टोकियोत बसून जातीवर एवढी पानं काढणाऱ्या माणसानं हे सगळं कुठून घेतलं, हा दुसरा.

फॅन्डमवर हे तुम्ही सरळ लिहू शकता. खंड समोर ठेवा, ग्रंथ समोर ठेवा, तुलना करा. विकिपीडियावर, मराठी असो की इंग्रजी, ही तुलना तुम्ही स्वतः केलेली चालत नाही. त्याला तिथं मूळ संशोधन म्हणतात आणि ते वर्ज्य आहे. कुणा अभ्यासकानं, समीक्षकानं ती आधी छापलेली असावी लागते, तुम्ही फक्त तिचा हवाला द्यायचा. हा नियम मला सुरुवातीला फार टोचला. आता पटतो. कारण उद्या कुणी येऊन ‘चाप्रा खरोखर होऊन गेला’ असं लिहिलं, तर ते काढायला आपल्या हातात हाच नियम असतो.

सुदैवानं ‘बुद्ध’वर लिहिलं गेलेलं पुष्कळ आहे. इंग्रजी आवृत्तीला २००४ आणि २००५ साली आयस्नर हा चित्रकथांसाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला, त्या काळात परीक्षणं आली, तेझुकांवर अभ्यासकांची पुस्तकं आहेत. शोधायला वेळ द्यावा लागतो, एवढंच.

इंग्रजी विकिपीडिया

इथं लेख आधीपासून आहे, म्हणजे तुमचं काम भर घालण्याचं. एकूण लेख सत्तर लाखांच्या घरात, आणि मांगा आणि अॅनिमेसाठी (जपानी अॅनिमेशनसाठी) संपादकांचा वेगळा प्रकल्पच चालतो. नवीन लेख थेट उघडायचा तर खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेली असावी लागतात. कथानक थोडक्यात हवं, आणि ते पात्रांच्या दुनियेतून नाही, बाहेर उभं राहून सांगायचं. ‘पुढं काय होतं ते सांगू नका’ ही सोय नाही. शेवटही सांगितला जातो, इशारा न देता.

संदर्भांच्या बाबतीत इथली नजर सगळ्यात कडक आहे, आणि शिकण्यासाठी म्हणून मी ही जागा सुचवते. ‘अॅनिमे न्यूज नेटवर्क’ची बातमी चालते, पण त्याच साइटवरचा वाचकांनी भरलेला कोश चालत नाही. ‘मायअॅनिमेलिस्ट’ ही चाहत्यांनी भरलेली साइट चालत नाही, फॅन्डम तर नाहीच. कारण एकच: जे कुणीही येऊन बदलू शकतं त्याचा आधार घ्यायचा नाही. महिनाभर इथं एकेक वाक्य संदर्भासह घालून बघितलं, तर पुढं आयुष्यभर कुठलाही मजकूर वाचताना ‘हे कशावरून?’ असं आपोआप मनात येतं.

तिघींनी एक जपायचं. वाद झाला की चर्चा पानावर तिघींनी पाठोपाठ येऊन ‘माझंही हेच मत’ लिहायचं नाही. ओळखीच्यांना बाजू घ्यायला बोलावणं तिथं गैर मानतात, आणि एकाच वायफायवरून तीन खाती चालत असतील तर शंका येणारच. आपण एकमेकींना ओळखतो, एका गटात काम करतो, असं सदस्य पानावर आधीच लिहून ठेवावं. चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं तर खात्यावर बंदी येऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

मराठी विकिपीडिया

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आज लाखाच्या आसपास लेख आहेत. इंग्रजीच्या मानानं थोडे, आणि नेमानं लिहिणारे हात त्याहून थोडे. म्हणूनच इथं तुमच्या तिघींचं वजन वेगळं आहे. इंग्रजीत तुमचं एक वाक्य सत्तर लाख लेखांच्या गर्दीत जाईल. इथं तुम्ही लिहिलेला परिच्छेद हाच त्या विषयावरचा मराठीतला पहिला नीट परिच्छेद असू शकतो. जालन्यातल्या, उदगीरमधल्या एखाद्या शाळकरी पोरानं फोनवर मराठीत नाव टाकून शोधलं, तर तोच त्याच्यासमोर येईल.

मला या जागेची भाषाही आवडते. सराव करायच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात, सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला ‘चावडी’. नव्या माणसानं धूळपाटीवर गिरवावं, अडलं तर चावडीवर विचारावं, हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अडचणी आहेत, त्यातली पहिली भाषांतराची. आम्ही चौघांनी सुरुवातीला इंग्रजी लेख यंत्राकडून मराठीत करून घेतला आणि धूळपाटीवर ठेवला. मालिका १९७२ पासून ‘धावली’, पहिला खंड ‘सोडण्यात आला’. पात्रांच्या यादीवर मथळा आला ‘मुख्य वर्ण’, कारण इंग्रजी ‘कॅरेक्टर’चा अर्थ यंत्रानं पात्राऐवजी अक्षर असा घेतला. जातिव्यवस्थेवरच्या मांगाच्या लेखात, सिद्धार्थाच्या नावाच्या वर, ‘वर्ण’! चूक आमचीच होती, वाचून न बघता ठेवलं. त्या दिवसापासून आम्ही इंग्रजी लेख फक्त संदर्भ गोळा करायला उघडतो, वाक्यं स्वतः लिहितो. खरंच भाषांतर केलंत, तर संपादन सारांशात (जतन करताना भरायच्या ओळीत) मूळ लेखाचं नाव आणि दुवा द्यायचा. मुक्त परवान्याची ती अट आहे.

‘धावली’, ‘सोडण्यात आला’ यांच्या जागी आपल्याकडं शब्द आहेतच. एके काळी मराठी कादंबऱ्या मासिकांत क्रमशः यायच्या आणि मग पुस्तक निघायचं. मांगाचंही तसंच: आधी नियतकालिकात प्रकरणं, नंतर खंड. ‘क्रमशः प्रसिद्ध झाली’ म्हटलं की संपलं.

दुसरी अडचण नावांची, आणि इथं वेळ घालवावाच लागतो. मंगा की मांगा? ओसामु तेझुका की जपानी रीतीनं तेझुका ओसामु? मराठीत नुक्ता (अक्षराखालचं टिंब) वापरत नाहीत, त्यामुळं ‘तेझुका’तल्या उच्चाराला ‘झ’ हाच जवळचा. ‘त्सु’चा उच्चार खरं तर आपल्या ‘चुना’तल्या च सारखा, पण ‘चु’ लिहिलं तर वाचणारा ‘चुंबक’मधला च सुद्धा वाचेल, म्हणून ‘त्सुगुमी’सारखं जपानी नाव ‘त्सु’ घालूनच लिहावं. काहीही ठरवा, पण लेखभर एकच ठेवा आणि दुसऱ्या रूपाचं पान उघडून ते मुख्य लेखाकडं पुनर्निर्देशित करा, म्हणजे कुठल्याही नावानं शोधणारा पोचतो.

संदर्भ मराठीच हवेत असा आग्रह नाही, इंग्रजी-जपानी चालतात. चित्रांचं मात्र तुमचं मन मोडेल. मुखपृष्ठ, चौकटी हे सगळं प्रताधिकारात आहे आणि विकिमीडिया कॉमन्स या सगळ्या विकिपीडियांच्या सामाईक चित्रभांडारावर असं काही चढवता येत नाही. इंग्रजी विकिपीडिया लहान आकारातलं मुखपृष्ठ ठरावीक अटींवर स्वतःकडं ठेवतो, फॅन्डमवर तर चौकटींची रेलचेल असते. चित्रांसाठीच लिहीत असाल तर फॅन्डम बरं.

मग तुमच्या अकरा पानांचं काय

त्यातली दोनशे-अडीचशे शब्दांची कथा ठेवा. उरलेलं जपून ठेवा, फॅन्डमवर पात्रांची पानं करायची झाली तर कामाला येईल. कामं वाटून घ्या. जिच्याकडं खंड आहेत तिनं कथानक आणि पानांचे हवाले, दुसरीनं परीक्षणं आणि पुरस्कारांचे संदर्भ, तिसरीनं काहीही न लिहिता फक्त वाचायचं आणि अडखळली तिथं खूण करायची. हे तिसरं काम हलकं समजू नका, आमच्या ‘मुख्य वर्ण’वर असाच एक वाचणारा अडखळला होता.

ठरवाठरवी व्हॉट्सअॅपच्या गटात करू नका, लेखाच्या चर्चा पानावर करा. ‘तेझुका’ का ठेवलं, तत्ताचं वर्णन तीन ओळींतच का आटोपलं, हे दोन वर्षांनी येणाऱ्या अनोळखी संपादकाला तिथंच सापडेल. तुमच्या फोनमधल्या गप्पा त्याला दिसणार नाहीत. आणि तिघींनी एकाच वेळी एकच परिच्छेद उघडून बसू नका, जतन करताना एकीचं लिहिणं दुसरीच्या आड येतं.

आधी शोधपेटीत दोन्ही रूपांनी नाव टाकून लेख आहे का ते बघा. नसेल तर धूळपाटीवर पाच ओळी टाका: कुणी काढलं, कधी ते कधी, किती खंड, कशाबद्दल, कुठले पुरस्कार. प्रत्येक ओळीला एक संदर्भ. झालं की दुवा मला पाठवा, मी रविवारी वाचते.