आधी ओळखपुस्तक की रानातले अनुभव?

निसर्गाबद्दल वाचायला लागायचं तर पहिलं पुस्तक कोणतं? पक्ष्यांची चित्रं-खुणा देणारं ओळखपुस्तक, की जंगलात आयुष्य काढलेल्या माणसाचं अनुभवकथन?

कोल्हापुरात राहणाऱ्याला मी आधी ओळखपुस्तकच सांगेन, कारण रंकाळा आणि कळंबा ही तळी हाताशी आहेत. पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी आणि लाल कपाळाची पाणकोंबडी लांबून सारखेच काळे दिसतात; चित्र शेजारी धरून एकदा फरक कळला की तो विसरत नाही. हळदीकुंकू बदक तर चोचीच्या पिवळ्या टोकावरून आणि बुडाशी असलेल्या लाल ठिपक्यांवरून लगेच सापडतं.

पण ते सलग वाचायचं पुस्तक नव्हे. धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो, याला तिथे जेमतेम एक ओळ मिळते. अनुभवकथनात तुम्ही लेखकाबरोबर त्या झाडाखाली तासन् तास बसता. दाजीपूरच्या अभयारण्यात जाण्याआधी असं काही वाचाच. नाहीतर गवा दिसला नाही की लोक ‘जंगलात काहीच नव्हतं’ म्हणत परततात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

ओळखपुस्तक मात्र विकतच घ्या. ते तळ्याकाठी न्यायचं, त्याला चिखलाचे हात लागणारच, शिवाय समासात पेन्सिलीनं तारीख आणि जागा लिहायची असते. अनुभवांची पुस्तकं ग्रंथालयातून आणली तरी चालतात. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आपल्याच गावात आहे.