रेशनच्या केवायसीला बँकेचं नाव कशाला?

'ई-केवायसी केली नाही तर रेशन बंद' हा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. ई-केवायसी म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची ओळख आधारवरून पटवून घेणं. मुदत संपली, वाढली, परत संपली, परत वाढली. या गोंधळावर सांगलीत आमच्या भागात एकाने दुकान मांडलं आणि आमच्या सासूबाईंची श्रावणबाळची पेन्शन उचलून नेली.

आमचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आहे. घरात पाच माणसं, माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला पंचवीस किलो धान्य. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते मिळतं. आधी तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता, २०२३ पासून दोन्ही फुकट. फुकट म्हटलं की काही जण नाक मुरडतात. मी मार्केट यार्डात हळद निवडायला जाते. हंगाम सरला की मजुरी थांबते, तेव्हा या पंचवीस किलोवर चूल चालते. नाव कापलं जाईल म्हटल्यावर म्हातारं माणूस घाबरणारच.

मी कामावर होते. देवळाच्या कट्ट्यावर टेबल टाकून एक पोरगा बसला होता, गळ्यात ओळखपत्राची फीत, पुढ्यात लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं छोटं यंत्र. कार्डामागे पन्नास रुपये घेत होता. सासूबाईंनी कार्ड आणि आधारची झेरॉक्स दिली. "आज्जी, पेन्शन कुठल्या बँकेत येते?" त्यांनी सांगितलं. मग अंगठा. "उमटला नाही, पुसून परत ठेवा." परत. "आता काय झालं रं?" तर म्हणे, "सर्व्हर गेलाय आज्जी, एकदाच अजून." भांडी घासून, भांगलून त्यांच्या बोटांच्या रेघा खरंच झिजल्यात. कंट्रोलच्या दुकानातही अंगठा लवकर येत नाही, त्यामुळे त्यांना यात वावगं काही वाटलं नाही. पदराला बोट पुसत त्या ठेवत राहिल्या.

पेन्शन काढायला बँकेत गेल्या तेव्हा खात्यात काही नव्हतं. पासबुक भरून घेतलं, तर त्याच दिवशी लागोपाठ दोन नोंदी, एक ३००० ची, एक १५०० ची, दोन्हींपुढे एईपीएस, म्हणजे आधारच्या अंगठ्यावर काढलेले पैसे. तीन महिन्यांचे पैसे त्यांनी मोतीबिंदूच्या खर्चासाठी साठवले होते. मेसेज यायला खात्याला जोडलेला नंबर चालू हवा ना, ते सिम कधीच बंद पडलेलं.

बँकेतल्या बाईंनी समजावलं. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. ओटीपी लागत नाही. गावोगावी म्हाताऱ्यांना घराजवळ पेन्शन मिळावी म्हणून केलेली ही सोय. एक अंगठा शिल्लक बघायला गेला असणार, बाकीचे पैसे काढायला.

रेशनच्या ई-केवायसीला बँक लागतच नाही. ती रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर, म्हणजे धान्य देताना अंगठा घेतात त्या यंत्रावर होते, नाहीतर 'मेरा ई-केवायसी' या सरकारी ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या. दोन्हीकडे एक पैसा द्यायचा नाही. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांना चेहऱ्याचा मार्ग बरा. कोणी 'बँक कुठली' विचारलं की कार्ड उचलायचं आणि चालू पडायचं.

पैसे गेलेच तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. चूक आपली नसेल आणि बँकेकडून कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार दिली तर तोटा खातेदाराच्या माथी मारायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. काउंटरवर हा नियम आपणहून कोणी सांगत नाही, आपणच काढावा लागतो. आमची तक्रार घेतली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. आधारच्या ॲपमधून अंगठा लॉकही करता येतो. फक्त लॉक असताना रेशनचा अंगठाही चालत नाही, दुकानात जाताना तेवढ्यापुरता उघडावा लागतो.

खोटी कार्डं आणि मापातली चोरी थांबावी म्हणून अंगठा आला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी आमच्या नावावरचा माल दुसरीकडे जायचा आणि दुकानदार 'आलाच नाही' म्हणायचा. आता पावती मागता येते. पण कोणाची केवायसी राहिली आहे याची यादी दुकानाच्या दाराला चिकटवायला काय हरकत आहे? आमच्या सासूबाईंची केवायसी दुकानात आधीच झालेली निघाली! यादी दारावर असती तर त्या टेबलाकडे फिरकल्याही नसत्या.

तो पोरगा पंचविशीतला, बोलायला गोड. कुपवाडच्या एका बाईंनी कळवलंय, तिकडेही कोणीतरी असंच टेबल टाकलंय, कार्डामागे पन्नास रुपये, पावती नाही.