‘डाउट’ म्हणजे शंका, पण कोणती? इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशाचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी कॉलिन्सचा ‘कोबिल्ड’ हा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश रोज वापरत आहे. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि नोकरी मात्र निर्यातीच्या पत्रव्यवहाराची आहे. त्यामुळे इंग्रजी शब्दाचा अर्थ म्हणजे त्याच्यापुढे लिहिलेला मराठी शब्द, एवढीच माझी अनेक वर्षांची समजूत होती. ती एका शब्दाने मोडली, म्हणून हा अनुभव प्रामुख्याने त्या शब्दाच्या आधारेच सांगतो.

परदेशी ग्राहकाकडे पोहोचलेल्या मालातील एक बेअरिंग खराब निघाले. ते वाहतुकीत खराब झाले असावे अशी मला शंका होती आणि मी नेमके तेच लिहिले, असे मला वाटत होते : ‘आय डाउट दॅट द बेअरिंग वॉज डॅमेज्ड इन ट्रान्झिट.’ उत्तर आले ते असे, की वाहतुकीत बिघाड झाला नसावा असे तुम्हीच म्हणता, तर दोष उत्पादनातील धरून बदली माल पाठवावा. माझ्या वाक्याचा अर्थ माझ्या मनातल्या अर्थाच्या बरोबर उलटा होता. खुलासे करण्यात आणि विम्याचा दावा मार्गी लावण्यात तीन आठवडे गेले.

घरातल्या इंग्रजी-मराठी कोशात ‘डाउट’पुढे शंका, संशय असे दिले होते आणि ‘सस्पेक्ट’पुढेही संशय घेणे, शंका येणे असेच होते. दोन्ही नोंदी चुकीच्या नाहीत, परंतु दोन शब्दांत निवड करायची वेळ येते तेव्हा त्या काहीच सांगत नाहीत. कोबिल्डमध्ये हेच दोन शब्द पाहिले तेव्हा फरक स्वच्छ दिसला. एखादी गोष्ट खरी आहे का याबद्दल तुम्ही ‘डाउट’ करता तेव्हा ती बहुधा खरी नाही असे तुम्हाला वाटत असते, या आशयाचे सबंध वाक्यच तिथे व्याख्या म्हणून दिलेले आहे; आणि ‘सस्पेक्ट’ म्हणजे ती बहुधा खरी आहे असे वाटणे, फक्त जरा सौम्यपणे सांगितलेले. व्याख्या पूर्ण वाक्यात देण्याची ही पद्धत १९८७ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनची आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली संगणकात साठवलेल्या प्रत्यक्ष वापरातील इंग्रजीच्या मोठ्या संग्रहावरून तो कोश रचला गेला. शब्द वाक्यात कसा बसतो हे व्याख्येतच दिसत असल्याने, अर्थ आणि वापर वेगवेगळे शिकावे लागत नाहीत.

मला सर्वांत जास्त आनंद झाला तो मात्र कोश मिटवल्यानंतर. हा फरक मराठीत नाहीच असे मी धरून चाललो होतो. वहीत माझीच वाक्ये लिहून पाहिली तेव्हा लक्षात आले, की तो मराठीत आहे, फक्त तो ‘शंका’ या शब्दात नसून त्याच्या आधीच्या शब्दात आहे. ‘तो वेळेवर येईल याबद्दल मला शंका आहे’ म्हणजे तो येणार नाही असे वाटते, हा ‘डाउट’. ‘पाकीट त्यानेच उचलले अशी मला शंका आहे’ म्हणजे त्यानेच उचलले असे वाटते, हा ‘सस्पेक्ट’. आणि वर्गात हात वर करून ‘सर, एक शंका आहे’ म्हणतो तेव्हा ती यांपैकी कोणतीच नसते, तो साधा प्रश्न असतो. आपल्याकडच्या वर्गांत ‘आय हॅव अ डाउट’ सर्रास चालते आणि इथे त्यात काही बिघडतही नाही. परदेशी ग्राहकाला मात्र आपण त्याच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवतो आहोत असे वाटू शकते, म्हणून तिथे मी आता ‘क्वेश्चन’ लिहितो. ‘याबद्दल’ की ‘अशी’, एवढे स्वतःला विचारले की निवड आपोआप होते. हे मला कोणत्याही कोशात मिळाले नाही, परंतु इंग्रजी-इंग्रजी कोश समोर नसता तर मी तिथवर पोहोचलोही नसतो.

त्याच नोंदीत पुढे ‘नो डाउट’ आहे. आपले ‘निःसंशय’ पक्के असते, म्हणून ‘नो डाउट’ही तितकेच पक्के असेल असे मी मानत होतो. प्रत्यक्षात ते पुष्कळदा ‘बहुधा, असेलच’ एवढेच सांगते, आणि ठाम खात्रीसाठी ‘विदाउट डाउट’ लागते. ग्राहकाला वितरणाची तारीख कळवताना हा फरक लहान नाही. उलट ‘सस्पिशस’च्या बाबतीत मराठी अधिक नेमकी निघाली : संशय घेणारा तो संशयी आणि ज्याच्यावर संशय यावा तो संशयास्पद, हे आपण दोन शब्दांनी सांगतो, इंग्रजी एकानेच भागवते.

माझी पद्धत साधी आहे. दिवसाला फार तर एकच शब्द, त्याला वहीचे अर्धे पान, कोशातले एक वाक्य आणि त्या दिवशीच्या कामातले माझे एक वाक्य. मग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने मराठी झाकून पुन्हा वाचन. आठ महिन्यांत एकशे चाळीस शब्द झाले. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये मी यापूर्वी तीन महिन्यांत सहाशे ‘पूर्ण’ केले होते, पण तिथे प्रत्येक शब्दाला एकच प्रतिशब्द असल्यामुळे पत्र लिहिताना त्यांतले फारच थोडे हाताशी आले.

या प्रकारच्या कोशाला मर्यादा आहेत. झाड, मासा, मसाला, अवजार यांची नावे शोधायची असतील तर वर्णन वाचून पदार्थ ओळखत बसण्यापेक्षा मराठी प्रतिशब्दच हवा, आणि त्यासाठी जुना कोश मी कपाटातून काढून टेबलावर आणला आहे. पहिले पाच-सहा आठवडे कंटाळवाणे जातात, कारण व्याख्येतलाच एखादा शब्द अडतो आणि एका नोंदीसाठी तीन पाने उलटावी लागतात. माझी ही अडचण दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस बरीच कमी झाली. दहावीच्या आतल्या मुलांना मात्र मी हा कोश एकट्याने वापरायला सांगणार नाही. शेजारी बसून वाक्ये करून घेणारे कोणी असेल तरच द्यावा.

सध्या वहीत ‘इव्हेन्चुअली’ चालू आहे. ते मी आजवर ‘कदाचित’ या अर्थाने लिहीत आलो. त्याचा अर्थ ‘अखेरीस’ असा आहे, आणि जुन्या पत्रांतली तशी चार वाक्ये मी कालच शोधून काढली.