गिअरबॉक्स उघडलाच नाही, आणि 36,300 रुपये घेतले

माळशेज चढून आळेफाट्याकडे येताना रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्याने माझे 36,300 रुपये खाल्ले. लिहायला लाज वाटते. 14 वर्षं मी स्वतःची पिकअप चालवतोय, नारायणगावचा टोमॅटो वाशीला पोचवतोय, घरी दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात आमच्याच गावातल्या एका पोराला त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने गाठलं. आता गप्प बसणार नाही.

वाशीत माल उतरवून परतीला कल्याणहून सरकी पेंड भरली होती. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी ओढत होतो तेव्हा जळक्या तेलाचा वास यायला लागला. वर येऊन टपरीवर थांबलो. चहा पीत बसलेला एक जण खाली वाकून म्हणाला, "दादा, गिअरबॉक्स पेटायला आलाय, धूर बघा." धूर खरंच येत होता. गॅरेज तिथून पन्नास पावलांवर. तो माणूस कोणाचा होता हे तुम्हाला सांगायला नको.

मिस्त्री आला तो हातात तापमान मोजायची गन घेऊनच. गाडीखाली सरकला, मलाही वाकायला लावलं आणि बटण दाबलं. 212 डिग्री. "बेअरिंग खलास. असाच पुढे गेलात तर गिअरबॉक्स जाम होईल, चाकं लॉक होतील, गाडी पलटी."

इथेच मला कळायला हवं होतं. गनचा लाल ठिपका मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तो गिअरबॉक्सवर नव्हताच. शेजारून जाणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपवर होता. घाट चढून आलेल्या लोड गाडीचा पाइप 200 च्या वर तापणारच, त्यात नवल काय? आणि घाटानंतर गिअरबॉक्सलाही हात लावून ठेवता येत नाही, हे मला माहीत नाही का? माहीत आहे. तरी मी तो आकडा बघत राहिलो. त्या रात्रीपासून तो लाल ठिपका डोळ्यांपुढून हलत नाही.

पण माझी बाजूही ऐका. रात्रीचे साडेदहा वाजले होते, गाडीत पेंड होती आणि सकाळी सहाला शेतावर तोडलेला टोमॅटो भरायचा होता. टोमॅटो कुणासाठी थांबत नाही. "चाकं लॉक होतील" म्हटल्यावर बायकापोरं आठवतात. कुणालाही आठवतील.

तिथल्या तिथे कागदावर हिशेब मांडला: बेअरिंग सेट 14,200, सिंक्रो रिंग आणि गिअर 11,800, ऑइल सील 850, ऑइल 1,950, मजुरी 7,500. मजुरीवर घासाघीस केली, एक रुपया कमी झाला नाही. वर म्हणतो, "थांबून काय करता, घरी जा, उद्या चारला या." उघडताना समोर थांबू न देणारा मिस्त्री दिसला की गाडी तिथून काढा, टो करून न्यावी लागली तरी चालेल. मी गेलो. सकाळच्या टोमॅटोसाठी दुसरी पिकअप भाड्याने घेतली, त्याचे 3,500 वेगळे.

दुसऱ्या दिवशी 20,000 यूपीआयने दिले, 16,300 रोख. रोख का, तर त्याने "मशीनला प्रॉब्लेम आहे" म्हणून मागितले. जुने पार्ट मागितले तर कापडात गुंडाळलेलं एक बेअरिंग हातात ठेवलं. भावाला पाठवायला म्हणून खालून फोटो काढला आणि निघालो.

अकरा दिवसांनी पुन्हा तोच वास. या वेळी आमच्या गावच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी बाजूचा लेव्हल प्लग खोलला. ऑइल त्या भोकाच्या काठापर्यंत यायला हवं. त्याने बोट वाकवून आत घातलं, तरी टोकाला लागलं नाही. ड्रेन केल्यावर जे निघालं ते काळंकुट्ट, आणि निम्म्याहून कमी. म्हणजे 1,950 रुपयांचं ऑइलसुद्धा घातलं नव्हतं! ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक काळा लगदा होता, तो प्रत्येक गाडीत असतोच. चकत्या किंवा तुकडे निघाले तर घाबरायचं. खरं दुखणं एवढंच: वरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं भोक, चिखलाने बुजलेला, त्यामुळे आत दाब वाढून मागचा ऑइल सील गेला होता. तिथून गळणारं तेल शाफ्टने उडवून तापलेल्या पाइपवर पडायचं. धूर आणि वास तिथला. तेल कमी, म्हणून बॉक्सही जास्त तापत होता. सील 240, ऑइल 900, मजुरी 600. एकूण 1,740 रुपये.

मग मिस्त्रीने मोबाइलमधला तो फोटो मोठा करून दाखवला. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर माझ्याच शेताची माती सुकून बसलेली. पान्याचा एक ओरखडा नाही. बॉक्स उतरवला असता तर बोल्टांची डोकी चकाकली असती. ते बेअरिंगही माझं नव्हतं, माझ्या गाडीच्या शाफ्टवर ते बसतच नाही.

फोटो, बेअरिंग, कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तीन तास बाकावर बसवलं. मग साहेब म्हणाले, "काम पसंत पडलं नाही तर तो दिवाणी मामला." अहो, काम केलंच नाही आणि पैसे घेतले, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? नुसता अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायलाही खळखळ. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. दुसऱ्यांदा गेलो तर अर्ज सापडेना. तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्तावर. फोटो आजवर एकानेही हातात घेऊन पाहिला नाही. आरटीओत म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर पलीकडची बाई विचारते, नंबर प्लेट पिवळी आहे का? म्हणजे व्यावसायिक वापर, मग तुम्ही ग्राहक कसे? पोटासाठी स्वतः गाडी हाकणारा माणूस ग्राहक नाही, आणि लुटणारा मात्र व्यापारी! शेवटी एका वकिलाने सांगितलं, स्वयंरोजगारावर पोट असणाऱ्यासाठी कायद्यात अपवाद आहे, तो धरून जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ई-जागृती पोर्टलवर तक्रार भरली आहे. यूपीआयच्या 20,000 ची नोंद आहे. रोख दिलेल्या 16,300 ला त्या कागदाशिवाय काहीच पुरावा नाही. रोख देऊ नका.

ते बेअरिंग माझ्या टूलबॉक्समध्ये जपून ठेवलंय. बाहेरच्या कड्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका आहे, आतल्या कड्याला एक चीर. गावातल्या पोरालाही तसलंच दिलंय, ठिपक्यासकट. घाटमाथ्यावर आणखी कुणाच्या हातात असं बेअरिंग ठेवलं असेल, तर फेकू नका, मला सांगा. आम्ही दोघं पुढच्या सोमवारी पुन्हा ठाण्यात जातोय.