सॉसच्या बरण्या आणि घरचा सॉस : दहा महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये बायकोला हॉस्पिटलात दुपारची पाळी लागली आणि संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतून घरी यायला साडेसहा होतात, आठवीतल्या पोरीचा क्लास साडेसातला. मधल्या वेळात भाजी निवडून, चिरून, फोडणीला टाकणं जमेना. म्हणून तयार सॉस आणायला लागलो. पास्ता सॉस, पिझ्झा सॉस, मखनी ग्रेव्ही, शेजवान चटणी, सगळं वापरून झालं.

पहिले दोन महिने बरणीवर लिहिलंय तसंच करत होतो. पास्ता उकडायचा, सॉस ओतायचा. पोरगी आवडीनं खायची, मला मात्र ते गोड लागायचं. मग एकदा लेबल नीट वाचलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. आमच्या मखनी ग्रेव्हीत साखर तिसऱ्या नंबरला होती, लोणी बरंच खाली. तेव्हापासून सोडियमही बघतो. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. 100 ग्रॅम सॉसमध्ये 600 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाचं 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते. माझ्या आईला बीपी आहे, ती मोहोळहून राहायला येते. त्यामुळे बरणीतला सॉस असेल त्या दिवशी वरून मीठ अजिबात नाही.

आता बरणी अर्धीच वापरतो, अर्धा सॉस घरचा. रविवारी लक्ष्मी मार्केटातून 3 किलो टोमॅटो आणतो, लाल आणि गरदार बघून. किलोभर कांदा. कांद्याला सोलापुरात काय तोटा! कांदा बारीक चिरून तेलात मंद आचेवर चांगला पाऊण तास. इथं घाई केली की सॉसला कच्चट गोडी राहते, हे मी दोनदा करून बघितलंय. मग ठेचलेला लसूण, मग टोमॅटोची प्युरी. आधी नुसतं फडफडतं, गॅसभर शिंतोडे. हळूहळू आवाज खाली येतो, रंग विटकरी होतो आणि कडेनं तेल सुटायला लागतं. पळी फिरवल्यावर कढईचा तळ दिसला आणि सॉस लगेच मिटला नाही, की गॅस बंद. चार डब्या भरतात, फ्रीजरमध्ये टाकायच्या. एका डबीत आमचं एक जेवण.

यातलं माझं सगळ्यात आवडतं सांगतो. डबीभर सॉस कढईत गरम करायचा, चमचाभर काळा मसाला, चार खड्डे करून अंडी फोडायची, झाकण ठेवायचं. पाच-सात मिनिटं. सोबत कडक भाकरी चुरून. भांडं एकच पडतं, आणि आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे ही गोष्ट मला चवीइतकीच महत्त्वाची वाटते.

दुसरा सॉस शेंगाचटणीचा. चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली हवी, कोरडी भुकटी चालत नाही. वाटीत तीन चमचे चटणी घेऊन कढत पाणी एकेक चमचा घालायचं. आधी ती आवळून गोळा होते, बिघडलं असं वाटतं. घोटत राहायचं. चौथ्या-पाचव्या चमच्याला एकदम सैल होऊन डोशाच्या पिठासारखी गुळगुळीत येते. मग थोडा सोया सॉस, लिंबू, बोराएवढा गूळ. उकडलेल्या नूडल्सवर हे घातलं की पोरगी ताट चाटूनपुसून उठते. पीनट सॉस म्हणून जी बरणी महाग विकतात, तिच्यापेक्षा मला हा चांगला वाटतो, कारण यात लसूण आणि तिखट आपल्या हिशेबाचं असतं.

त्रास झाला तोही सांगतो. पास्ता सॉस उघडल्यावर सहाव्या दिवशी झाकणाखाली पांढरी बुरशी. ओला चमचा बुडवला गेला होता. नुसता वरचा थर काढून भागत नाही, अख्खी बरणी टाकली. आता झाकणावर उघडल्याची तारीख लिहितो आणि चार दिवसांत संपवतो, नाहीतर उरलेला फ्रीजरमध्ये. दुसऱ्या एका बरणीच्या झाकणाचा मधला भाग न उघडताच फुगलेला होता, दाबलं की टक वाजायचा. दुकानदारानं बदलून दिली नाही. आता दुकानातच दाबून बघतो. आणि लसूण-मिरचीचं तेल घरी करत असाल तर बाहेर ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, तिथं कच्च्या लसणात घातक विष तयार होऊ शकतं, आणि वास-चवीवरून ते कळत नाही. थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा.

मखनी आणि पिझ्झा सॉस आणणं बंद केलंय. पास्ता सॉसची एक बरणी महिन्याला येते, अडीअडचणीला. शेजवान चटणी मात्र विकतचीच. ब्याडगी मिरची भिजवून, वाटून दोनदा घरी केली, रंग सुरेख आला, पण व्हिनेगरचा तो चटका काही जमला नाही. कुणाचं प्रमाण पक्कं बसलं असेल तर जरूर सांगा.