‘तू आहेस तसाच छान’ जातीची चित्रपुस्तकं: आठ महिने वापरल्यानंतर

वापर कुठे आणि कसा झाला ते आधी. सोलापूरच्या पूर्व भागातलं लहानसं बालवाचनालय, ३ ते ६ वयाची मुलं, एकूण २६ पुस्तकं, जून ते जानेवारी. त्यातली ७ पुस्तकं वाचून, ओढून, चावून अक्षरशः संपली. ११ अजून चालू आहेत. उरलेली ८ जवळजवळ कोरी आहेत आणि त्यांत सगळ्यात महागडी ३ आहेत.

विषय सगळ्यांचा एकच. मूल जरा वेगळं असतं, म्हणजे चष्म्याचं, डावखुरं, कुरळ्या केसांचं, बुजरं, आणि घरचे त्याला तसंच जवळ घेतात. फरक पडतो तो हे कसं दाखवलंय त्यात. दर पानावर ‘तू खास आहेस’ म्हणणारं पुस्तक दुसऱ्या वाचनाला मरतं, कारण पानावर बघायला काही नसतं. ढग, फुगे, इंद्रधनुष्य, मधोमध हात पसरून उभं राहिलेलं हसरं मूल. तीन वर्षांच्या पोराला ‘खास’ कळत नाही. उलट्या पायांत चपला घालून हट्टानं तशीच फिरणारी मुलगी मात्र लगेच कळते. तसं एक पुस्तक आहे. त्यात आई ओरडते, मामा हसतो, आणि कोपऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या आजीच्या पायांतही दोन वेगवेगळ्या चपला आहेत, एक निळ्या पट्ट्याची, एक काळी. मजकुरात याबद्दल अवाक्षर नाही. मुलांना ती चपल साधारण चौथ्या वाचनाला सापडते. एकदा सापडली की पुस्तक हातातून सुटत नाही. ते आता दुसऱ्यांदा शिवून घेतलंय.

मराठी आवृत्ती घेताना मजकूर दुकानात उभ्यानं, मोठ्यानं वाचून बघावा. मराठीत ‘मी’ बोलला की लिंग उघडं पडतं. ‘मी पळतो, मी रुसतो, मी आईला मिठी मारतो’ असं २४ पानं चाललं की समोरची मुलगी पुस्तकातून हळूच बाहेर पडते. इंग्रजीत ही अडचण येतच नाही, त्यामुळे भाषांतर करताना बऱ्याचदा ध्यानात राहत नाही. मुळात मराठीत विचार करून लिहिणारे यातून सहज वाट काढतात: ‘मला पळायला आवडतं’, ‘माझे केस कुरळे’, ‘आई मला उचलून घेते’. कुणाचंच लिंग अडत नाही. ज्या पुस्तकांत ‘पळतो’ छापलंय तिथे आम्ही पेन्सिलीनं वर बारीक ‘ते’ लिहून ठेवलं आणि दिवसाआड बदलून वाचलं. चालतं, पण वाचणारा अडखळतो. तालात लिहिलेलं असेल तर यमक बिघडतं ते वेगळंच.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे ‘मी तुझ्यावर खूप खूप प्रेम करते’. असं कुठली आई बोलते? आपल्याकडे माया ‘जेवलास का रे’ आणि ‘ये की इकडं, डोकं पुसते’ यांतून बोलते. शेवटच्या पानावर हे वाक्य आलं की वाचणाऱ्या आया स्वतःच लाजून हसतात आणि पान घाईनं उलटतात. एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मजकूरच नाही. झोपलेल्या मुलाच्या अंगावर बाप चादर सारखी करतोय, एवढंच. चादरीच्या गावात ते पान का चाललं हे सांगायला नको.

सोलापुरात अजून एक गंमत आहे. एकाच खोलीत घरी तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी बोलणारी मुलं असतात. आजीला कुणी अज्जी म्हणतं, कुणी अम्मम्मा, कुणी दादी. अशा ठिकाणी शब्द नसलेली चित्रपुस्तकं सगळ्यांत भारी पडतात. तेच पुस्तक आई मराठीत सांगते, घरी गेल्यावर आजी तेलुगूत, आणि मुलाला ते दोन वेगळी पुस्तकं वाटत नाहीत. आमच्या २६ मध्ये अशी चारच होती, नऊ-दहा हवी होती. घरी नेताना पालक मात्र कुरकुरतात, ‘यात लिहिलेलं काहीच नाही, वाचायचं काय?’ त्यांना दोन पानं करून दाखवावी लागतात.

भाषांचा प्रश्न स्वस्तात सोडवायचा तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ आहे. २०१५ पासून चालू आहे, गोष्टी मुक्त परवान्यावर आहेत, उतरवून छापता येतात, आणि अनेक गोष्टी मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांत मिळतात. छापताना झेरॉक्सवाल्याला लेझर प्रिंटरवर काढायला सांगा. शाईच्या प्रिंटरवरचं पान ओल्या बोटानं फिसकटतं. कागद १३० जीएसएमच्या आसपासचा घ्या (जीएसएम हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तेवढा कागद जाड). ७० च्या साध्या कागदावर मागचं चित्र पुढे दिसतं. विकतच्यात तुलिका प्रकाशनाची द्विभाषिक पुस्तकं, ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं आणि नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका एवढं बघितलं तरी सुरुवात होते. ट्रस्टची सगळ्यांत स्वस्त पडतात.

अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मुलांच्या पुस्तकांना आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार म्हटलं होतं: आरशात मुलाला स्वतःचं जग दिसतं, खिडकीतून दुसऱ्याचं, आणि दारातून त्या जगात शिरता येतं. आमच्या पेटीत खिडक्या भरपूर निघाल्या, आरसे कमी. सोफा, जेवायचं टेबल, मुलाची वेगळी खोली, आई-बाबा आणि एकच मूल. यंत्रमागाचा खडखडाट असलेलं घर, पत्र्याखालची दुपार, विड्या वळताना मांडीवर सूप घेऊन बसलेली आई, हे कुठेच नाही. त्याहून अवघड पान म्हणजे ‘तुझे बाबा तुला खांद्यावर घेतात’. ज्याचे बाबा नाहीत, किंवा पुण्या-भिवंडीला कामाला आहेत, ते मूल त्या पानावर गप्प होतं. अशा पानावर ‘तुझे बाबा काय करतात?’ विचारू नये. ‘रात्री तुझ्याशेजारी कोण झोपतं?’ विचारावं. याला उत्तर प्रत्येकाकडे असतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

गटात वाचायचं तर एका वेळी आठ-दहाच मुलं बसवा. २० सेंटीमीटरचं चौकोनी पुस्तक तिसऱ्या रांगेतून दिसत नाही. पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला धरायचं आणि पान खालच्या कोपऱ्यातून उलटायचं, म्हणजे हात चित्रावर येत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. बुजरी मुलं चौथ्या आकड्यानंतर बोलतात. आणि ‘यातलं गोरं बाळ कोणतं?’ असले प्रश्न मोठ्यांच्या तोंडून नकळत निघतात, तेवढे आवरा. पुस्तकानं सावळ्या मुलीसाठी २४ पानं केलेलं काम त्या एका वाक्यात धुऊन जातं.

आता टिकाऊपणा, कारण तक्रारी इथेच जास्त आहेत. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी चांगली, पण त्यांचा शत्रू पाणी. पाणी आलेल्या दिवशी घरभर पिंपं-बादल्या भरलेल्या असतात. त्या दिवशी पुस्तक हमखास बुडतं. पुठ्ठा फुगला की थर सुटतात. लगेच पानं उघडी ठेवून सावलीत वाळवा, सुटलेल्या थरात काडीनं पातळ फेविकॉल लावा, मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून वर पाटा ठेवा, रात्रभर. उन्हात वाळवलं तर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो आणि परत सरळ होत नाही.

पाठीला नुसता डिंक लावून चिकटवलेली पुस्तकं मुलांसाठी घेऊच नयेत. मुलं पुस्तक पालथं, सपाट उघडतात. पाठ तडकते, मधलं पान सुटतं, मग शेजारची सुटतात. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. मधोमध पिना मारलेलं ३२ पानी पुस्तक त्यापेक्षा बरं, कारण ते दुरुस्त होतं. पिना पेचकसानं उचलून काढा (गंजलेली पीन पानावर तपकिरी डाग पाडते, तेव्हा वाट बघू नका). घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा, एक मधोमध, दोन कडांपासून अडीच-तीन सेंटीमीटर आत. दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट, त्यावरून मेणबत्ती फिरवलेली. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूनं थेट खालच्या भोकात जाऊन बाहेर, परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारायची. दहा मिनिटांचं काम आहे. सोलापुरात दोऱ्याला तोटा नाही. मागावरचा दुहेरी सुती दोरा उत्तम चालतो. सेलोटेप मात्र लावू नका. एका उन्हाळ्यात ती पिवळी पडते, टेप सुटते आणि चिकट पट्टा मागे राहतो, त्यावर धूळ बसते.

शेंगाचटणीच्या बोटांचे तेलकट डाग पडणारच. पानावर भरपूर टाल्कम पावडर टाकून तीन-चार तास ठेवा, मग मऊ कापडानं झटका. डाग फिका होतो, पूर्ण जात नाही. सॅनिटायझरनं पुसण्याचा प्रयोग केला आणि लॅमिनेशन नसलेल्या एका पानावरच्या मुलाचा चेहराच पुसला गेला.

मुलाचं नाव छापून मिळणारी पुस्तकं दोन मागवली होती. ही नापसंतीची नोंद आहे. साचा इंग्रजीसाठी केलेला, त्यात देवनागरी नाव फक्त बसवलेलं. ‘आर्या’तला रफार सुटून ‘आर‍्‌या’ झाला, विभक्ती वेगळी पडली: ‘आर्या ने आई ला हाक मारली’. दुसऱ्या पुस्तकात नाव मुलीचं आणि क्रियापद सगळीकडे ‘हसला, धावला’. कातडीचे रंग तीन, तिन्ही गोरेच. पैशांत साधी पाच पुस्तकं आली असती.

त्यापेक्षा हाताने केलेलं घरच्यांचं पुस्तक फार पुढे गेलं. ४ बाय ६ इंचाचे आठ फोटो, पण ओळीत उभं राहून काढलेले नकोत. माणूस रोज करतो ते करताना: अज्जी भाकरी थापताना, काका मागावर, ताई वेणी घालून घेताना. फोटो जाड कार्डशीटवर चिकटवून १२५ मायक्रॉनचं लॅमिनेशन करा, कापताना चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर कड सोडा, नाहीतर तिथून पाणी शिरतं. कोपरे गोल कापा, लॅमिनेशनचं टोक डोळ्याला लागतं. डाव्या कडेला दोन भोकं आणि त्यातून नाडी. तारेची स्पायरल नको, तिचं टोक सुटून बोटात घुसतं. मजकूर मुलानं सांगितलेला, जसाच्या तसा. एका पुस्तकात आजोबांच्या फोटोखाली लिहिलंय, ‘हे माझं आबा. ह्येंना दात नाहीत पण शेंगा खातेत.’ ते सध्या सगळ्यांत जास्त मागणीचं पुस्तक आहे.

पुढच्या खेपेला यादी अशी: शब्द नसलेली सहा, पिनांची आठ, पुठ्ठ्याची फक्त दोन, नाव छापलेलं एकही नाही. आणि खरेदी मार्चच्या आत. एकदा ऊन तापलं की दुपारी मुलं घराबाहेर पडत नाहीत, पुस्तकं तेव्हाच सगळ्यांत जास्त घरी जातात.