सामान्यज्ञानाची शब्दकोडी: अप्पा बळवंत चौकात काय घ्यावे, काय तिथेच ठेवावे

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या बहुतेक पुस्तकांच्या दुकानांचा दर्शनी भाग स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी अडवलेला असतो. शब्दकोड्यांची पुस्तके मागच्या मांडणीत, सुडोकूच्या शेजारी पडलेली असतात. मागितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत, आणि मागितल्यावर दुकानदार जे हाताला लागेल ते काउंटरवर टाकतो. साधारण तीन प्रकार असतात: वर्तमानपत्री कोड्यांच्या धर्तीचे मिश्र संग्रह, परीक्षार्थींसाठी काढलेली निव्वळ सामान्यज्ञानाची कोडी, आणि शाळकरी मुलांची चित्रांसहित पुस्तके. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचे आहे, कारण सर्वांत जास्त फसवणूक त्यातच होते.

मुलांची पुस्तके आधी बाजूला करू. चौकट लहान, शब्द दोन-तीन घरांचे, शेजारी आंबा किंवा हत्ती. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ठीक आहेत. त्यापुढे नाही.

मराठी कोड्याचा हिशेब इंग्रजीपेक्षा वेगळा असतो, आणि पुस्तक चांगले की वाईट हे त्यावरच ठरते. इंग्रजीत एका घरात २६ पैकी एक अक्षर येते. आपल्याकडे घरात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर बसते. ३४ व्यंजने आणि त्यांची बाराखडी धरली तरी शक्यता चारशेच्या वर जातात, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द एका घरात जुळवणे कोडेकाराला जड जाते. तो काळी घरे वाढवतो आणि छेद, म्हणजे आडवा-उभा शब्द एकमेकांना कापतात ती घरे, कमी ठेवतो. पाच घरांच्या शब्दाला अनेकदा एक किंवा दोनच छेद मिळतात, उरलेल्या घरांना दुसऱ्या शब्दाचा आधार नसतो. म्हणून मराठीत शोधसूत्रावर, म्हणजे उत्तर ओळखायला दिलेल्या ओळीवर, जास्त भार पडतो. सूत्र सैल असेल तर चौकट तुम्हाला वाचवत नाही.

उदाहरण घ्या. 'शिवरायांचा किल्ला (४)'. राजगड, रायगड, लोहगड, सिंहगड, शिवनेरी, सगळेच चार घरांचे. पहिल्या चौघांची शेवटची दोन घरे 'गड', आणि राजगड व रायगड यांच्यात तर फक्त दुसऱ्या घराचा फरक. त्या दुसऱ्या घरातून उभा शब्द जात नसेल तर हे कोडे सुटत नाही, फक्त अंदाज लागतो. जाणता कोडेकार 'स्वराज्याची पहिली राजधानी' किंवा '१६७४ चा राज्याभिषेक जिथे झाला तो गड' असे लिहितो. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत बारा मराठा किल्ले गेले, त्यांतला एकच महाराष्ट्राबाहेरचा. 'त्या यादीतला तमिळनाडूतील किल्ला (२)' म्हटले की जिंजीखेरीज दुसरे उत्तर निघत नाही. सूत्र असे हवे.

नद्यांचेही तसेच. 'महाराष्ट्रातील नदी (२)' या सूत्राला भीमा, नीरा, मुळा, मुठा, कृष्णा, तापी, पूर्णा, वर्धा यांतली कोणतीही चालते. त्यातून मुळा आणि मुठा यांचे पहिले घर एकच, म्हणजे तिथला छेदही कामाचा नाही. 'खडकवासला धरण जिच्यावर आहे' म्हणजे मुठा, 'मुळशी धरण जिच्यावर आहे' म्हणजे मुळा. चार शब्द जास्त लिहायचे एवढेच. पण जागा वाचवण्याच्या नादात नेमके तेच कापले जातात.

टोपणनावे हा आपल्या कोड्यांचा आवडता माल, आणि सापळाही. कुसुमाग्रज आणि गोविंदाग्रज दोन्ही पाच घरांचे, शेवटची दोन घरे 'ग्र' आणि 'ज'. 'कवीचे टोपणनाव (५)' लिहून कोडेकार मोकळा होतो. वर केशवसुतही पाचच घरांचे. 'ज्ञानपीठ, १९८७' म्हटले की कुसुमाग्रज, 'राम गणेश गडकरी कवितेसाठी वापरत ते नाव' म्हटले की गोविंदाग्रज. केशवसुत आणि केशवकुमार यांची पहिली तीन घरे एक असली तरी घरांची संख्या पाच आणि सहा, तिथे निदान कंसातला आकडा मदतीला येतो.

म्हणून दुकानात उभ्या उभ्या पहिली गोष्ट पाहायची ती कंसातला आकडा. तो प्रत्येक सूत्रापुढे हवा. पूर्ण नाव विचारले असेल तर (७) यापेक्षा (२, ५) जास्त प्रामाणिक: लता मंगेशकर. काही पुस्तकांत आकडा असतो, पण चुकीचा, कारण घरे मोजण्याचा नियमच पाळलेला नसतो. नियम सोपा आहे. अनुस्वार आणि विसर्ग आधीच्या अक्षराच्या घरात, रफार पुढच्या अक्षराच्या घरात, जोडाक्षर एकाच घरात. सूर्य दोन घरांचा, दुःख दोन घरांचे, ऑक्सिजन चार घरांचा, ज्ञानेश्वर चार घरांचे. 'सूर्य (३)' दिसले की पुस्तक परत मांडणीत.

मोबाइलवरच्या मराठी कोड्यांमध्ये हीच चूक यंत्र करते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-मोबाइल अक्षरे साठवतात त्या पद्धतीत, 'क्षि' हे एक अक्षर चार चिन्हांनी बनते: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. अॅप बनवणाऱ्याने चिन्हे मोजली आणि अक्षरे मोजली नाहीत, तर एका घराच्या जागी चार घरे उघडतात किंवा वेलांटी एकटीच घरात लटकते. 'क्षितिज' किंवा 'राष्ट्र' असलेले एक कोडे उघडून बघावे, दोन मिनिटांत कळते.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न याहून चिवट. एका घरात आडव्या शब्दाला 'ति' हवी आणि उभ्याला 'ती', तर काय करायचे? काही संग्रह सुरुवातीलाच 'वेलांटी-उकाराचा भेद धरलेला नाही' असे छापतात. शुद्धलेखनवाल्यांना ते झोंबेल, पण सांगितलेले असते हे महत्त्वाचे. वाईट पुस्तक काही सांगत नाही आणि मनाला येईल तसे करते. भेद पाळणाऱ्या पुस्तकात दोन गोष्टी हाताशी ठेवा: शब्दाच्या शेवटी इकार-उकार बहुधा दीर्घच येतो, आणि अकारान्त शब्दाच्या शेवटून दुसऱ्या घरातलाही दीर्घ, जसे कथील, जमीन, बहीण. गुण, विष यांसारखे तत्सम शब्द याला अपवाद. कल्हईचा धातू विचारला तर उत्तर 'कथील', 'कथिल' नाही. परक्या शब्दांत मात्र सगळाच सावळागोंधळ: क्लोरिन की क्लोरीन, शेक्सपिअर की शेक्सपियर. उत्तरांच्या पानांवर एकच नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने आले असेल, तर संपादन झालेलेच नाही असे समजावे.

परीक्षार्थींच्या पुस्तकांचा मोठा रोग शिळेपणा, आणि त्याचे कारण आळस एवढेच नाही. प्रश्नसंचात उत्तर बदलले की एक शब्द खोडून दुसरा टाकता येतो. कोड्यात तसे होत नाही, कारण नव्या उत्तराची लांबी वेगळी असते. उस्मानाबाद पाच घरांचे, धाराशिव चार. अहमदनगर सात, अहिल्यानगर सहा. औरंगाबाद पाच घरांत मावते. छत्रपती संभाजीनगर दहा घरे मागते, म्हणजे ९ × ९ च्या चौकटीत ते बसतच नाही. सर्वाधिक लोकसंख्येचा देश म्हणून 'चीन' छापले होते, २०२३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 'भारत' हवे. दोनाची तीन घरे झाली. एक शब्द बदलला की त्याला छेदणारे सगळे शब्द बदलायचे, चौकट नव्याने आखायची. म्हणून प्रकाशक मुखपृष्ठावर 'नवी आवृत्ती' छापतो आणि आत जुनेच कोडे ठेवतो. सगळ्यात गमतीचा कझाकस्तान: २०१९ मध्ये अस्तानाचे नूर-सुलतान झाले, २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. ज्यांनी काहीच दुरुस्त केले नाही ते आपोआप बरोबर ठरले.

तेव्हा आवृत्तीच्या वर्षावर विसंबू नका. उत्तरांची पाने उघडून तीन-चार खुणा शोधा. नववा ग्रह म्हणून प्लूटो असेल तर मजकूर २००६ च्या आधीचा. पालघर जिल्हा आणि तेलंगण राज्य कुठेच नसेल तर बहुधा २०१४ च्या आधीचा. लडाख केंद्रशासित म्हणून आले असेल तर निदान २०१९ नंतर कोणीतरी हात फिरवला आहे. मराठीला अभिजात दर्जा, ऑक्टोबर २०२४, यावर सूत्र सापडले तर पुस्तक खरोखर ताजे.

शिळेपणाखेरीज चुकाही असतात, आणि त्या ठरलेल्या जागी असतात. ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी, तुर्कीची इस्तंबूल, म्यानमारची यांगून: हवीत कॅनबेरा, अंकारा, नेपिडो. पितळ आणि कासे यांची अदलाबदल: पितळेत तांब्यासोबत जस्त, काशात तांब्यासोबत कथील. 'सामान्य तापमानाला द्रव असलेले मूलद्रव्य' याला पारा आणि ब्रोमिन दोन्ही लागू, तेव्हा सूत्रात 'धातू' हा शब्द हवाच. खाशाबा जाधवांचे १९५२ चे कांस्यपदक हेलसिंकीचे. ते मेलबर्नला नेऊन ठेवणारे पुस्तक परीक्षेला घेऊन बसू नये.

मिश्र संग्रहांची भाषा जास्त खेळकर असते, पण समानार्थी शब्दांचा तिथे अतिरेक होतो. 'कमळ (३)' याला पंकज, सरोज, नीरज, अंबुज, जलज ही पाच उत्तरे, आणि पाचांचेही शेवटचे घर 'ज', म्हणजे तो छेद असून नसल्यासारखा. तेच 'टोकियो ऑलिंपिकमध्ये भालाफेकीचे सुवर्ण जिंकणाऱ्याचे नाव (३)' असे विचारले की नीरजच. समानार्थी आणि सामान्यज्ञान यांची अशी सरमिसळ करणारा संग्रह मिळाला तर परीक्षेचे पुस्तक सोडून तोच घ्यावा, परीक्षार्थीनेही. निव्वळ सामान्यज्ञानाच्या कोड्यात सूत्र म्हणजे प्रश्नसंचातला प्रश्नच असतो. उत्तर आले तर आले, नाही तर चौकटीत डोके लढवायला काही उरत नाही.

सोडवताना मात्र कोडेकाराची अडचण तुमच्या फायद्याची. क्स, ट्र, ग्र असली जोडाक्षरे छेदाच्या घरात बसवणे अवघड, म्हणून तो ती मोकळ्या घरात ढकलतो. छेदाच्या घरात बहुतेक वेळा र, न, त, क, ल, स किंवा रा, ता, का असली साधी अक्षरे येतात. अडलात तर छेदाचे अक्षर साधे धरून पुढे जा. आधी आकड्याची सूत्रे भरा, कारण 'अणुक्रमांक ७९' म्हणजे सोने, यात वाद नाही. मग एकच व्यक्ती किंवा एकच जागा सांगणारी. 'एक नदी', 'एक फूल', 'एक राग' असली सूत्रे शेवटी, दोन तरी छेद मिळाल्यावर.

कागदाकडे कमी लोक बघतात. स्वस्त पुस्तके वर्तमानपत्री कागदावर असतात. त्यावर दोनदा खोडले की घर फाटते आणि जेल पेनची शाई मागच्या कोड्यात उतरते. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा पांढरा कागद, असेल तर दहा-वीस रुपये जास्त द्यायला हरकत नाही. शिसपेन एचबी, टोक फार अणकुचीदार नको. कोड्यांचे पहिले पुस्तक १९२४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये निघाले तेव्हा प्रकाशकांनी सोबत पेन्सिल बांधून दिली होती. आपल्याकडे खोडरबर दिला तर जास्त खप होईल. घराची बाजू किमान ८ मिलीमीटर हवी, कारण 'र्ती' किंवा 'ष्ट्रु' लिहायला वर-खाली जागा लागते. इंग्रजी चौकटीचे माप उचलून त्यात मराठी कोंबलेली पुस्तके आहेत, त्यांत हस्ताक्षर कितीही चांगले असले तरी दुसऱ्या दिवशी आपले आपल्याला वाचता येत नाही. उत्तरे त्याच पानावर उलटी छापलेली नकोत, पातळ कागदातून दिसतात. शेवटी एकत्र असलेली बरी.

चौकात गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा मेट्रोने मंडईला उतरून चालत जाणे सोयीचे. परीक्षेच्या पुस्तकांवर सूट मिळते तशी यांवरही मिळते, पण मागावी लागते. पैसे देण्याआधी पाने क्रमाने उलटा. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला जुडगा, असतो, आणि बांधणीत एखादा फर्मा दोनदा लागला की दुसरा गळतो. गळणारा शेवटचा असेल तर उत्तरेच जातात. शिसपेन लागल्यावर दुकानदार पुस्तक बदलून देत नाही.